मतदान नोव्हेंबरात, सत्ता जुन्यांकडे डिसेंबरभर: नॉर्थ कॅरोलिनातल्या मराठी मतदारांना खुले पत्र

कॅरी, मॉरिसव्हिल, एपेक्स, शार्लट आणि राज्यभर पसरलेल्या मराठी मतदार मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

येत्या ३ नोव्हेंबर २०२६ रोजी आपण आपल्या राज्याची जनरल असेंब्ली, म्हणजे विधिमंडळ, नव्याने निवडणार आहोत. सिनेटच्या ५० आणि हाउसच्या १२०, अशा सगळ्या १७० जागांसाठी मतदान आहे. दर दोन वर्षांनी ते होतंच. बहुतेक निकाल त्याच रात्री कळतील. पण ४ नोव्हेंबरच्या सकाळी राज्याचे कायदे करण्याचा अधिकार कोणाकडे असेल, हा प्रश्न आपण एकमेकांना कधी विचारत नाही. तो अधिकार जुन्या आमदारांकडेच असेल. जे हरले त्यांच्याकडे, जे उभेच राहिले नव्हते त्यांच्याकडे, आणि जे पुन्हा निवडून आले पण ज्यांच्या पक्षाचं बळ घटलं त्यांच्याकडेही. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत. यंदा हे अंतर ५९ दिवसांचं आहे.

या ५९ दिवसांबद्दल मी तुम्हाला लिहितो आहे. गेल्या दहा वर्षांत आपल्या राज्यातले काही सर्वांत दूरगामी निर्णय याच काळात झाले, आणि हा काळ आपल्यावर आकाशातून पडलेला नाही. तो मतपत्रिकेवरच्या एका प्रश्नातून आला. नॉर्थ कॅरोलिनाच्या मतदारांनी १९८२ साली त्याला होकार दिला होता.

आपल्या राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमातला नववा विभाग एका वाक्याचा आहे. सिनेटर आणि प्रतिनिधी यांच्या पदाची मुदत त्यांच्या निवडणुकीनंतर येणाऱ्या १ जानेवारीला सुरू होईल, एवढंच तो सांगतो. १९८२ पूर्वी हे वाक्य वेगळं होतं. तेव्हा आमदाराची मुदत निवडून येताक्षणीच सुरू व्हायची. निवडणूक झाली की जुना माणूस गेला, नवा आला. त्या वर्षी घटनादुरुस्ती मतदारांपुढे आली, ती मंजूर झाली आणि मुदतीचा प्रारंभ १ जानेवारीवर गेला. त्याच वर्षी आमदारांची दोन वर्षांची मुदत चार वर्षं करावी का, असाही प्रश्न मतदारांना विचारला होता. त्याला त्यांनी स्पष्ट नकार दिला. मुदत वाढवणं लोकांना नको होतं. मुदतीची सुरुवात पुढे ढकलायला मात्र त्यांची हरकत नव्हती. तारखेचा प्रश्न निरुपद्रवी दिसतो. गव्हर्नरची मुदतही १ जानेवारीलाच सुरू होते, मग सगळ्यांची एकदमच व्हावी, यात कोणाला काय वावगं वाटणार?

आणि १९८२ मध्ये ती दुरुस्ती खरोखरच बरीचशी निरुपद्रवी होती. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तेव्हा आपल्या गव्हर्नरला व्हेटोचा, म्हणजे मंजूर झालेलं विधेयक नाकारण्याचा, अधिकारच नव्हता. देशातल्या सगळ्या राज्यांत हा अधिकार सर्वांत शेवटी मिळाला तो नॉर्थ कॅरोलिनाच्या गव्हर्नरला, १९९६ च्या सार्वमताने. जिथे व्हेटो नाही तिथे तो फिरवण्याचा प्रश्न नाही, आणि म्हणून तीन-पंचमांश बहुमताला आजच्यासारखं वजनही नाही. साधं बहुमत असलं की कायदा होत होता, मग तो डिसेंबरात करा की फेब्रुवारीत. १९९६ नंतर हे चित्र बदललं. आता सभागृहात तीन-पंचमांश मतं असतील तर गव्हर्नरचा नकार पुसून टाकता येतो, आणि त्याहून एक जरी कमी पडलं तरी तो नकार टिकू शकतो. एकेका जागेला किंमत आली. ती जागा कोणत्या तारखेला हातातून जाते, यालाही किंमत आली. १९८२ च्या मतदारांना हे दिसणं शक्य नव्हतं. आपल्याला मात्र ते तीनदा दिसलं आहे.

पहिल्यांदा दिसलं ते २०१६ च्या डिसेंबरात. नोव्हेंबरच्या निवडणुकीत रॉय कूपर यांनी तेव्हाचे गव्हर्नर पॅट मॅक्रोरी यांना सुमारे १० हजार मतांच्या निसटत्या फरकाने हरवलं. मॅक्रोरींनी पराभव मान्य केला तो ५ डिसेंबरला. त्यानंतर मॅथ्यू चक्रीवादळाच्या मदतीसाठी विशेष अधिवेशन बोलावलं गेलं. मदतीचं काम उरकलं आणि त्याच दिवशी, १४ डिसेंबरला, सभागृहांच्या नेत्यांनी दुसरं विशेष अधिवेशन जाहीर केलं. तीन-पंचमांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर गव्हर्नरला न विचारताही असं अधिवेशन भरवता येतं, अशी घटनेत सोय आहे. दोन दिवसांत येणाऱ्या गव्हर्नरचे अधिकार कापणारे कायदे मंजूर झाले. गव्हर्नरला स्वतःच्या मर्जीने भरता येणाऱ्या पदांची मर्यादा १,५०० वरून ४२५ वर आली. मंत्रिमंडळाच्या नेमणुकांना सिनेटची मंजुरी लागेल असं ठरलं. राज्यातल्या निवडणुका चालवणाऱ्या निवडणूक मंडळाची रचना बदलली. विरोध करणाऱ्या लोकांना प्रेक्षक गॅलरीतून बाहेर काढलं गेलं, काहींना अटकही झाली. आणि मावळत्या गव्हर्नरने त्या कायद्यांवर सह्या केल्या.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाचं तीन-पंचमांश बहुमत नव्या असेंब्लीतही कायम राहिलं होतं. त्यामुळे तेव्हा ते दोन महिने महत्त्वाचे ठरले ते मुख्यतः गव्हर्नरच्या सहीपुरते. पण वाट मळली ती तिथेच.

दुसऱ्यांदा, २०१८. नोव्हेंबरमध्ये मतदारांपुढे सहा घटनादुरुस्त्या होत्या. चार मंजूर झाल्या, दोन लोकांनी फेटाळल्या. फेटाळलेल्यांपैकी एक होती निवडणूक मंडळाच्या नेमणुका गव्हर्नरकडून काढून घेण्याची. साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी तिला नाही म्हटलं, हे कृपया लक्षात ठेवा. मंजूर झालेल्यांपैकी एक होती मतदानासाठी फोटो ओळखपत्र सक्तीचं करण्याची. त्याच निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने दोन्ही सभागृहांतलं तीन-पंचमांश बहुमत गमावलं. हाउसमध्ये त्यांच्या ६५ जागा उरल्या आणि सिनेटमध्ये २९.

ओळखपत्राचा तपशील ठरवणारा कायदा करायचा होता. कोणती ओळखपत्रं चालतील, कोणाला सूट मिळेल, मोफत ओळखपत्र कुठे मिळेल, हे सगळं त्यात येणार होतं. ज्या असेंब्लीला लोकांनी नुकतंच निवडलं होतं तिने हा तपशील ठरवायला काय हरकत होती? दुरुस्ती लोकांनी मान्यच केली होती, घाई कसलीच नव्हती. तरी तो कायदा जुन्या असेंब्लीने केला. कूपर यांनी व्हेटो केला आणि १९ डिसेंबरला तो व्हेटो फिरवला गेला. ज्या बहुमताने तो फिरवला, ते बहुमत सहा आठवड्यांपूर्वी मतदारांनी काढून घेतलं होतं. ओळखपत्र असावं की नसावं, यावर आपल्यात मतभेद असतील. माझे शेजारी आणि मी यावर एकमताचे नाही. माझा मुद्दा त्या कायद्याच्या बऱ्यावाईटाचा नाही, तो कोणाच्या अधिकारात झाला याचा आहे.

तिसऱ्यांदा जे घडलं ते अजून ताजं आहे. २०२४ च्या सप्टेंबरअखेर हेलीन वादळाने आपल्या राज्याचा पश्चिम भाग उद्ध्वस्त केला. ॲशव्हिलच्या आसपासची गावं, रस्ते, पाण्याच्या लाइनी वाहून गेल्या, शंभराहून अधिक माणसं दगावली. आपल्यापैकी कित्येकांनी तिकडे पाण्याच्या बाटल्या, ब्लँकेट, औषधं पाठवली. ५ नोव्हेंबरला निवडणूक झाली. हाउसमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या ७१ जागा आल्या. सगळे १२० सदस्य हजर असतील तर व्हेटो फिरवायला ७२ लागतात. एक जागा कमी पडली.

१९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सिनेट विधेयक ३८२ समोर आलं. नाव होतं आपत्ती निवारणाचं, पानं १३१. हाउसने ते त्याच रात्री मंजूर केलं, सिनेटने दुसऱ्या दिवशी. वादळग्रस्तांसाठीच्या निधीत सुमारे २२ कोटी ७० लाख डॉलर वळवण्याची तरतूद त्यात होती, पण ते पैसे प्रत्यक्ष कुठे आणि कसे खर्च करायचे हे बहुतांशी पुढच्यावर सोडलं होतं. मग इतक्या पानांत होतं तरी काय? निवडणूक मंडळावर नेमणुका करण्याचा अधिकार गव्हर्नरकडून काढून राज्याच्या ऑडिटरकडे, म्हणजे हिशेब तपासणाऱ्या निर्वाचित अधिकाऱ्याकडे, देणं. ॲटर्नी जनरलने, म्हणजे राज्याच्या मुख्य वकिलाने, न्यायालयात असेंब्लीच्या विरोधात भूमिका घेऊ नये असं बंधन. प्रोव्हिजनल मतांची, म्हणजे ज्यांची पात्रता नंतर तपासायची असते अशा मतांची, छाननी आणि मोजणी करण्यासाठी काउंटींना मिळणाऱ्या दिवसांत कपात. गव्हर्नर आणि ॲटर्नी जनरल ही दोन्ही पदं नोव्हेंबरात डेमोक्रॅटिक उमेदवारांनी जिंकली होती, ऑडिटरचं पद रिपब्लिकन उमेदवाराने.

पश्चिमेकडचे तीन रिपब्लिकन प्रतिनिधी, ज्यांचे स्वतःचे मतदारसंघ वादळात सापडले होते, त्यांनी पहिल्या मतदानात या विधेयकाला विरोध केला. कूपर यांनी २६ नोव्हेंबरला व्हेटो केला. सिनेटने २ डिसेंबरला तो फिरवला. ११ डिसेंबरला हाउसमध्ये मतदान झालं तेव्हा ते तिघेही पक्षाबरोबर गेले. ७२ विरुद्ध ४६. तीन आठवड्यांनी जी असेंब्ली बसणार होती तिच्यात हे ७२ जण नसणार, हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

यावर खटले झाले. २०२५ च्या एप्रिलमध्ये खालच्या न्यायालयाने नेमणुकांचा हा बदल घटनाबाह्य ठरवला, अपील न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, आणि मे महिन्यापासून ऑडिटरांनी नेमलेलं मंडळ कामाला लागलं. म्हणजे २०१८ मध्ये लोकांनी मतपत्रिकेवर जे नाकारलं होतं, गव्हर्नरकडून या नेमणुका काढून घेणं, तेच वेगळ्या रूपात निवडणूक आणि नववर्ष यांच्यामधल्या काळात झालं. यंदा आपण ज्या निवडणुकीत मतदान करणार आहोत ती याच मंडळाच्या देखरेखीखाली होणार आहे. अर्ली व्होटिंगची केंद्रं कुठे असतील, रविवारी उघडी असतील का, आपल्या नावातल्या एखाद्या विसंगतीचं काय करायचं, अशा गोष्टी या मंडळापर्यंत आणि त्याच्या काउंटी मंडळांपर्यंत जातात. ज्यांच्या लायसन्सवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून आहे आणि नागरिकत्वाच्या कागदावर ते आडनावाला चिकटलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

नव्या हाउसनेही कदाचित हेच केलं असतं, असं कोणी म्हणेल. शक्य आहे. २०२५ च्या जुलैमध्ये काही डेमोक्रॅट सदस्यांनी साथ दिल्यामुळे ७१ जागांच्या पक्षाला अनेक व्हेटो फिरवता आले, हे आपण पाहिलं. पण तिथे पलीकडच्या बाकावरच्या कुणाला तरी पटवावं लागलं, मतदारसंघात जाऊन त्याचं उत्तर त्या सदस्याला द्यावं लागेल. लोकांनी ७१ दिले त्याचा अर्थच तो होता: एकट्याने करू नका, कुणाला तरी बरोबर घ्या.

आता जरा आपल्या मागच्या घराकडे पाहू. आपण बहुतेक जण महाराष्ट्रातल्या निवडणुकांचे निकाल इथे रात्रभर जागून पाहतो. २०२४ मध्ये २३ नोव्हेंबरला तिथे विधानसभेचे निकाल लागले. जुन्या विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपणार होती. त्या तीन दिवसांत जुन्या आमदारांनी मुंबईत सभागृह भरवून नव्या सरकारचे अधिकार कापणारा कायदा केला असता, तर? कल्पनाही करवत नाही. मुख्यमंत्री असतात ते काळजीवाहू, आणि जुनं सभागृह पुन्हा भरत नाही.

तिथलं सगळं आदर्श आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. भारतीय राज्यघटनेच्या कलम १७२ प्रमाणे विधानसभेची पाच वर्षं मोजली जातात ती तिच्या पहिल्या बैठकीच्या तारखेपासून, आणि ती तारीख किती लांबू शकते हे २०१९ ने दाखवलं. २४ ऑक्टोबरला निकाल लागले आणि आमदारांना शपथ मिळाली २७ नोव्हेंबरला, तीही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. मधल्या काळात राष्ट्रपती राजवट आली, ती भल्या पहाटे उठली, सकाळी सकाळी शपथविधी झाला, हे सगळं तुम्हाला आठवत असेल. ३४ दिवस निवडून आलेले आमदार आमदार म्हणून सभागृहात पाऊल टाकू शकले नाहीत. हे वाईटच होतं. कागदावर जुनी विधानसभा ९ नोव्हेंबरपर्यंत जिवंत होती. पण तिने त्या काळात एकही कायदा केला नाही. तिथे पोकळी होती आणि ती पोकळीच राहिली. इथे तीच पोकळी जुन्या बहुमताने वापरली जाते. मला दोन्हींतली दुसरी गोष्ट जास्त गंभीर वाटते.

अमेरिकेतही ही चिंता जुनी आहे. एके काळी नोव्हेंबरात निवडून आलेली राष्ट्रीय काँग्रेस पहिल्यांदा नियमितपणे भरायची ती पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात, म्हणजे तेरा महिन्यांनी. मधल्या हिवाळ्यात हरलेले सदस्य कायदे करत बसायचे. नेब्रास्काचे सिनेटर जॉर्ज नॉरिस यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं झुंज दिली. २३ जानेवारी १९३३ रोजी विसावी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि काँग्रेसची मुदत ३ जानेवारीच्या दुपारी सुरू होऊ लागली. तरीही काही आठवड्यांचं अंतर राहिलंच. पण दिशा अंतर कमी करण्याची होती. आपल्या राज्याने पन्नास वर्षांनी उलट दिशेने पाऊल टाकलं, हे मला खटकतं.

बाकीची राज्यंही पाहा. फ्लोरिडात आमदाराची मुदत निवडणुकीलाच सुरू होते आणि नवं सभागृह चौदाव्या दिवशी संघटित होण्यासाठी भरतं. नेवाडा आणि इंडियानात मुदत निवडणुकीच्या दुसऱ्या दिवसापासून. कॅलिफोर्नियात डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी. या राज्यांत वादळं येतात, आगी लागतात, चुरशीच्या लढतीही होतात, आणि कारभार चालू राहतो. फ्लोरिडाला चक्रीवादळांची सवय आपल्याहून जास्त आहे.

म्हणून माझी मागणी अशी. आपल्या घटनेतल्या त्या एका वाक्यातली तारीख पुन्हा लोकांपुढे मांडली जावी. १ जानेवारीच्या जागी १ डिसेंबर. निवडणुकीच्या दिवशीच मुदत सुरू करावी, या जुन्या व्यवस्थेकडे परत जावं असं मी म्हणत नाही. काउंटी मंडळं मतदानानंतर दहा दिवसांनी आपले निकाल पक्के करतात, राज्याचं मंडळ तीन आठवड्यांनी. यंदा ते २४ नोव्हेंबरला येईल. म्हणजे १ डिसेंबरला बहुतेक सगळ्या जागांवर अधिकृत, प्रमाणित विजेते हातात असतील. आणि निवडणुकीपासून १ डिसेंबरपर्यंतच्या त्या तीन-चार आठवड्यांसाठी एक स्पष्ट बंधन असावं: गव्हर्नरने आपत्तीसाठी बोलावलं तरच सभागृह भरेल, फक्त त्या आपत्तीचंच काम करेल, आणि कोणताही व्हेटो फिरवणार नाही.

आक्षेप मला ठाऊक आहेत. एखाद्या जागेचा निकाल अडकला तर? २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जागेसाठी ॲलिसन रिग्ज ७३४ मतांनी पुढे होत्या. प्रतिस्पर्धी जेफरसन ग्रिफिन यांनी ६५ हजारांहून अधिक मतांना आव्हान दिलं, आणि ते प्रकरण मिटायला २०२५ चा मे उजाडला. पण असा वाद १ डिसेंबरला मिटत नाही तसा १ जानेवारीलाही मिटत नाही. आपल्या सदस्यांच्या निवडीचा अंतिम निर्णय करण्याचा अधिकार प्रत्येक सभागृहाला घटनेने दिलेलाच आहे. एक खुर्ची काही दिवस रिकामी राहील. त्यासाठी १६९ जणांना थांबवण्याचं कारण नाही.

दुसरा आक्षेप जास्त जोरात येईल: हे रिपब्लिकनविरोधी आहे. मी वर दिलेली तिन्ही उदाहरणं त्या पक्षाची आहेत, कारण गेल्या दहा वर्षांत या राज्यात दोन्ही सभागृहं त्यांच्याकडे आहेत. पण १९८२ ची दुरुस्ती लोकांपुढे पाठवणारी असेंब्ली डेमोक्रॅटांची होती. २०१० मध्ये रिपब्लिकन पक्षाने शतकाहून अधिक काळानंतर दोन्ही सभागृहं जिंकली, तेव्हा वर्षअखेरपर्यंतचा काळ डेमोक्रॅटांच्या हातात होता. इलिनॉयमध्ये १२ जानेवारी २०११ च्या पहाटे, नवी असेंब्ली शपथ घेण्याच्या काही तास आधी, डेमोक्रॅटांच्या बहुमताने वैयक्तिक आयकर ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर नेला. करवाढ योग्य होती की नव्हती हे बाजूला ठेवा. ज्यांनी मतं दिली त्यांतल्या काहींना पुन्हा मतदारांसमोर जायचंच नव्हतं. विस्कॉन्सिनात २०१८ च्या डिसेंबरात रिपब्लिकनांनी येणाऱ्या डेमोक्रॅट गव्हर्नरचे अधिकार कापले. हा आजार एका पक्षाचा नाही. ज्याच्या हातातून सत्ता निसटते आहे त्याला तो होतो, आणि नॉर्थ कॅरोलिनासारख्या काठावरच्या राज्यात उद्या कोणाच्या हातातून ती निसटेल हे सांगता येत नाही. रिपब्लिकन पक्षाला मत देणारे माझे अनेक मित्र हे पत्र वाचतील. त्यांना मी विचारेन: उद्या डेमोक्रॅटांनी हरल्यावर डिसेंबरात १३१ पानांचं विधेयक आणलं, तर तुम्हाला ते चालेल का?

काही जण म्हणतील, नव्या आमदारांना कार्यालय लावायला, कर्मचारी नेमायला, समित्या समजून घ्यायला वेळ हवा. तो त्यांना मिळेलच. मुदत सुरू झाली म्हणजे लगेच कायदे केले पाहिजेत असं नाही. नियमित अधिवेशन जानेवारीतच भरेल, आज भरतं तसंच. फरक इतकाच, की डिसेंबरात काही करायची वेळ आलीच तर ते करणारे लोक आपण नुकतेच निवडलेले असतील.

अडचण अशी, की नॉर्थ कॅरोलिनात नागरिकांना सह्या गोळा करून घटनादुरुस्ती मतपत्रिकेवर आणता येत नाही. कॅलिफोर्निया किंवा फ्लोरिडातल्या आपल्या नातेवाइकांकडे तो मार्ग आहे, आपल्याकडे नाही. इथे दोन्ही सभागृहांच्या एकूण सदस्यांपैकी तीन-पंचमांशांनी, म्हणजे हाउसमध्ये ७२ आणि सिनेटमध्ये ३० जणांनी, आधी ठराव मंजूर केला तरच प्रश्न आपल्यापर्यंत येतो. म्हणजे ज्यांना त्या दोन महिन्यांचा लाभ होतो त्यांच्याच संमतीशिवाय हे होणार नाही. म्हणूनच मी हे पत्र आमदारांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. निवडणुकीआधीच्या काही आठवड्यांत उमेदवार आपलं ऐकतात. वेक काउंटीच्या पश्चिम भागातल्या कित्येक मतदारसंघांत भारतीय मतदारांची संख्या दुर्लक्ष करण्यासारखी राहिलेली नाही, हे दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना कळलं आहे. नवरात्रात, दिवाळीच्या कार्यक्रमांत ते येतात, दोन शब्द बोलतात, आपण टाळ्या वाजवतो, फोटो काढतो. या वेळी टाळ्यांच्या आधी हात वर करा.

आपल्याकडे विचारले जाणारे प्रश्न बहुधा शाळा, घरांवरचा कर आणि व्हिसा यांभोवती असतात. ते महत्त्वाचेच आहेत. व्हिसाचा प्रश्न राज्याच्या आमदाराच्या हातात नाही, पण तरी तो विचारला जातो, कारण तो आपल्या काळजाचा आहे. मुदतीच्या तारखेचा प्रश्न तसा काळजाला भिडत नाही. पण नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी आपल्यातल्या प्रत्येकाला वाटलं होतं, की आता माझंही मत मोजलं जाईल. मोजलं जाईल म्हणजे नुसतं आकड्यात येईल असं नाही. त्याचा परिणाम होईल. ज्या मताचा परिणाम ५९ दिवस लांबवता येतो, आणि त्या ५९ दिवसांत त्याच्या उलट कायदा करता येतो, ते मत आपल्याला वाटलं होतं तितकं पूर्ण नाही. आणि ज्यांना ग्रीन कार्डाच्या रांगेत पंधरा-पंधरा वर्षं काढूनही अजून मत नाही, त्यांच्यासाठीही आपण थोडं अधिक सावध राहायला हवं. त्यांची मुलं इथल्याच शाळांत आहेत, आणि त्या शाळांचे कायदे याच असेंब्लीत होतात.

उमेदवाराला विचारायचं ते एवढंच: तुम्ही निवडून आलात, तर आमदारांची मुदत १ डिसेंबरला सुरू करणारी आणि निवडणुकीनंतर जुन्या सभागृहाला व्हेटो फिरवण्यास मनाई करणारी घटनादुरुस्ती २०२७ च्या अधिवेशनात मांडाल का, किंवा दुसऱ्याने मांडल्यास तिला मत द्याल का? पक्ष कोणताही असो, उत्तर हो किंवा नाही मध्ये मागा आणि शक्यतो लेखी मागा. ईमेलने विचारलंत तर उत्तर जपून ठेवा. आणि ३ नोव्हेंबरनंतर राजधानी रॉलीत अचानक अधिवेशन बोलावल्याची बातमी आली, तर आपल्या जुन्या आणि नव्या, दोन्ही प्रतिनिधींना त्याच दिवशी फोन करा. एकाला सांगा की थांबा, दुसऱ्याला सांगा की उघडपणे बोला.

आपला,
वेक काउंटीतला एक मराठी मतदार